तिसऱ्या खोलीतला दिवा

"सव्वीस नंबर वाचा," ती म्हणाली.

"सव्वीस. 'उंदराच्या बीजांडाच्या बाह्य आवरणातील...' पुढचा शब्द माझ्या जिभेला झेपत नाही."

"राहू द्या तो. सायटेशन किती?"

"चार."

"त्यातली माझी मीच दिलेली?"

"तीन."

"मग एक लिहा."

"अगं, कोण बघतंय इतकं?"

"मी बघतेय ना. एक लिहा."

मी मुकाट्याने एक लिहिला. रविवारची सकाळ होती. चहाचे कप बाजूला सरकवून आम्ही जेवणाचं टेबल कागदांनी भरलं होतं आणि सोमवारी पाचच्या आत हा फॉर्म संस्थेत पोचायचा होता. माझ्या बायकोचं उजवं मनगट सुजलेलं होतं. तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली, केसाएवढ्या काचेच्या नळीने बीजांडं उचलून उचलून ते मनगट कामातून गेलं, म्हणून लिहायला मी. मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. माझं अक्षर चांगलं आहे, एवढीच माझी या कामातली पात्रता.

फॉर्म असा होता: जन्मभरात किती पेपर छापले, प्रत्येकाचा उल्लेख जगातल्या इतर संशोधकांनी किती वेळा केला, म्हणजे सायटेशन किती, आणि सगळ्यात खाली एका चौकटीत एच-इंडेक्स. हे प्रकरण तिने मला तीनदा समजावलं होतं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तुमच्या निदान अठरा पेपरांचा प्रत्येकी निदान अठरा वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा आकडा अठरा. एकोणिसाव्या पेपरचं घोडं सतरावर अडलं तर तो धरायचाच नाही. संस्थेने नवा नियम काढला होता. साठीला आलेल्या संशोधकाचा आकडा अठरा असेल तर प्रयोगशाळा आणखी पाच वर्षं त्याच्याकडे. नसेल तर महिनाअखेरीस कुलूप.

तिचा बरोबर अठरा भरत होता. काठावर पास झालेल्या पोरांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिलेत. त्या सकाळी तिचा चेहरा तसा होता.

एकूण एकतीस पेपर, पण सगळं घर चालायचं ते एक नंबरच्या जिवावर. बीजांड अंडाशयातून सुटलं की त्याला मोजके तास असतात. उंदरात पंधरा, फार तर सतरा. मग ते शिळं होतं, आणि फळलं तरी गर्भ धड वाढत नाही. आमच्या बाईसाहेबांनी बावीस वर्षांपूर्वी एक द्रव बनवला. त्यात ठेवलेलं बीजांड एकवीस तासांनीही ताज्यासारखं फळतं असं दाखवलं. सहाशे अकरा सायटेशन. त्याच प्रयोगांच्या आकड्यांवर पुढे आणखी दोन पेपर, चौऱ्याण्णव आणि एकसष्ट. बाकीचे अठ्ठावीस म्हणजे गरीब नातेवाईक, कुणी तीस, कुणी वीस, कुणी तीन.

सत्ताविसाव्यावर आलो तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

उंदीरमामा आला होता. हा संस्थेतल्या प्राण्यांच्या खोल्या सांभाळणारा माणूस, चौतीस वर्षं नोकरी, या महिन्यात निवृत्त होणार. त्याला सगळे उंदीरमामा म्हणतात. त्याची सूनही म्हणते, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

"बाई, सुट्टीच्या दिवशी आलो, रागवू नका."

"बसा मामा. अहो, चहा टाकता का?"

मी चहा टाकला. स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये भिंत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मामाने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"ऑफिसवाले म्हणतात, तुमच्या नोकरीत खंड आहे. अठ्ठावन्न दिवस संध्याकाळच्या पाळीला गैरहजर. खंड कसला, बाई? मी एक दिवस चुकवला नाही. तुम्ही दोन ओळी लिहून सही केलीत की माझं पेन्शनचं काम मार्गी लागतं."

"कुठले अठ्ठावन्न दिवस?"

"आमची ही दवाखान्यात होती बघा, शेवटचं दुखणं तिचं. तेव्हा तुमचं ते द्रवाचं मोठं काम चाललं होतं, तिसऱ्या खोलीत."

"हो, आठवतं ना. पण मामा, तुम्ही तेव्हा संध्याकाळी येत नव्हतात. मीच म्हटलं होतं, बायकोजवळ थांबा. दिवा टायमरवर आहे, सातला आपोआप बंद होईल."

मामा हसला. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "टायमर कुठला राहिला होता, बाई? तो पहिल्याच दिवशी जळला."

"जळला?"

"काळा ठिक्कर. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळं काम थांबवलं असतं, आणि आपल्याकडे नवा टायमर यायचा म्हणजे सहा महिन्यांची निश्चिंती. म्हटलं, बाईंचं काम थांबता कामा नये. बटण बाहेर व्हरांड्यात होतंच. सकाळी सातला मी दिवा लावायचो, आणि रात्री हिला झोप लागली की सायकल मारत यायचो आणि बंद करायचो."

"रात्री म्हणजे किती वाजता?"

"अकरा. एखाद्या दिवशी साडेअकरा. पण चुकवलं नाही. तापाने फणफणलो होतो तरी आलो."

"आणि दिव्याच्या नोंदवहीत?"

"नोंदवहीत सातच लिहायचो. तुम्ही सात सांगितले होते ना? तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही मी."

मी चहाचे कप घेऊन वळलो. ती पेनचं टोपण लावत होती, काढत होती, परत लावत होती. मला काहीच कळलं नव्हतं. उलट मला मामाचं कौतुक वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. मामा खूश झाला.

"कागद ठेवून जा मामा," ती म्हणाली. "उद्या देते."

मामा गेला. मी सत्तावीस नंबर काढला. ती म्हणाली, "ठेवा ते."

"काय झालं?"

"उंदरांचं सगळं दिव्यावर चालतं. दिवा मालवला की त्यांची रात्र. अंधार पडल्यावर पाच-सहा तासांनी बीजांड सुटतं. मी सातपासून मोजत होते, आणि सतरा तासांची मर्यादा जुन्या पेपरांतली धरली होती."

"बरं मग?"

"दिवा अकराला बंद होत होता."

चार तास. भूगोलाच्या मास्तरला चार तास म्हणजे साठ रेखांश. उंदीर एका देशात आणि तिची वही दुसऱ्या देशात. तरीही मला वाटलं, असेल थोडी चूक, दुरुस्त होईल.

"म्हणजे मी ज्यांना एकवीस तासांची म्हणत होते," ती म्हणाली, "ती सतरा तासांची होती. ती द्रवामुळे ताजी राहिली नव्हती. ती ताजीच होती."

"आणि द्रव?"

"मीठ-साखरेचं पाणी."

त्या खोलीच्या दाराच्या काचेवर काळा कागद होता. संध्याकाळी पाचनंतर दार उघडायचं नाही, उंदरांच्या रात्रीत कुणी लुडबुडायचं नाही, असा कडक नियम होता आणि तो तिचाच होता. तोही तिने अठ्ठावन्न दिवस डोळ्यांत तेल घालून पाळला. एखाद्या संध्याकाळी सातनंतर चुकून दार उघडलं असतं तर आत लख्ख उजेड दिसला असता.

ती उठली आणि माळ्यावरची खोकी काढायला लागली. सुजलेल्या हाताने. मी म्हटलं थांब, मी काढतो, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. जुन्या वह्या जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर बसली आणि आकडे तपासायला लागली. कदाचित सगळे दिवस अकरा नसतील. कदाचित आठ असतील, नऊ असतील. नऊ असले तरी दोनच तास, मग एकोणीस होतात, एकोणीसही वाईट नाही. ती स्वतःशीच बोलत होती. मला तिची भीती वाटायला लागली. मग तिने मामाला फोन लावला, माझ्यासमोरच, आवाज मोठा करून.

"मामा, नक्की अकरा का? आधी नाही ना यायचात कधी? आठवून सांगा."

"आधी कसा येणार, बाई? दवाखान्यातून साडेदहाला सगळ्यांना बाहेर काढायचे. त्याआधी हिचा हात सोडवून निघवत नव्हतं मला."

तिने फोन खाली ठेवला आणि वह्यांच्या मधोमध बसून रडली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

आता मी काय बोललो ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण बोललो ते बोललो. मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे? बावीस वर्षं झाली. मामा चार दिवसांनी घरी बसेल. त्याला स्वतःलाच माहीत नाही तो काय बोलून गेला. फॉर्म भरू, पाच वर्षं पदरात पडू देत, मग काय सांगायचं ते सांग."

तिने डोळे पुसले. "आणि मधलीचं काय?"

इथे जरा थांबून सांगायला हवं. आम्हाला मुलगा एकच, तो बोटीवर इंजिनिअर, वर्षातून एकदा उगवतो. घरात वर्दळ असायची ती तिच्या विद्यार्थिनींची. पीएचडीच्या मुली बऱ्याच आल्या-गेल्या, पण तिघी घरच्या झाल्या. त्यांची नावं मी मागे टाकली आणि थोरली, मधली आणि शेंडेफळ अशीच हाक मारू लागलो. थोरली वेगळ्या विषयावर होती, तिचं छान झालं. मधली बारा वर्षांपूर्वी आली, तिला द्रवाचं काम दिलं. दोन वर्षं ती पोरगी घासली. सतरा तासांच्या पुढे एकही बीजांड तिच्या हातून टिकलं नाही. बायको तिला सांगायची, हात बसलेला नाही तुझा, अजून बसव. शेवटी एक दिवस म्हणाली, बाळ, हे काम तुझं नाही.

त्या दिवशी मधली आमच्या घरी आली होती. बायको अजून यायची होती. मी मटार सोलत होतो. ती माझ्यासमोर बसून निम्मे मटार सोलत गेली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी म्हटलं, अगं होतं असं, सगळ्यांना सगळं जमत नाही. नंतर ती कधी आली नाही.

"आणि शेंडेफळ?" बायको म्हणाली. "चौथं वर्ष आहे तिचं. तेच काम. परवाच मी तिला म्हटलं, हात बसव."

"पण मग लॅब गेली तर तिचं काय होणार? दोन्हीकडून तीच बुडते की."

"हो," ती म्हणाली. "दोन्हीकडून तीच बुडते."

दुपारी ती संस्थेत निघाली. मी बरोबर गेलो, तिला एकटी सोडायची माझी छाती नव्हती. रविवार असल्यामुळे व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या खोलीवरून जाताना तिने भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेंडेफळ प्रयोगशाळेतच होती. रविवारीही असायची. आम्हाला बघून ती गडबडली.

"मॅडम, बीजांडं परत गेली. सतरा तासांच्या पुढचं एकही धड नाही. द्रव पाचव्यांदा नव्याने बनवला. माझा हातच बसत नाहीये."

"एकदा करून दाखव मला," बायको म्हणाली आणि मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावून बसली.

मी स्टुलावर बसलो. शेंडेफळने रबराची बारीक नळी दातांत धरली, दुसऱ्या टोकाची काच थेंबात बुडवली आणि श्वास रोखून एकेक बीजांड या थेंबातून त्या थेंबात नेऊ लागली. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक वाकलेली पाठ दिसते. दहा मिनिटं असंच चाललं. बायको डोळा न काढता म्हणाली, "आणखी दोन ने." तिने आणखी दोन नेली.

"छान बसलाय तुझा हात," बायको म्हणाली. "माझ्यापेक्षा हलका आहे."

त्या पोरीचा चेहरा असा काही खुलला की मला खाली बघावं लागलं. पुढचं मला माहीत होतं.

बायकोने उभं राहून सांगितलं. टायमर, मामा, अकरा वाजता. सारवासारव केली नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. वर्गात उत्तर चुकलेला हुशार मुलगा उभा राहतो तशी ती टेबलाला धरून उभी होती. शेंडेफळ ऐकत होती. तिच्या गळ्यात नळी तशीच लोंबत होती.

"चार वर्षं, मॅडम," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणायचात हात बसलेला नाही. मी घरी आरशासमोर हात धरून उभी राहायचे. कापतो का बघायला. आईने विचारलं काय करतेस, तर म्हटलं व्यायाम."

बायकोची नजर तिच्या हातांवर गेली.

"एकदा तरी तुम्ही स्वतः परत करून बघायचंत ना! बावीस वर्षांत एकदा!"

"बघायला हवं होतं," बायको म्हणाली. "मला वाटायचं, मी केलंय ते. सहाशे लोक म्हणतायत बरोबर आहे, मग कशाला."

"त्या सहाशेतल्या कुणालाच कळलं नाही?"

"बहुतेकांनी नुसतं नाव टाकलं असेल. ज्यांनी करून पाहिलं त्यांना जमलं नसेल. त्यांनीही आपापल्या पोरींना हात बसवायला सांगितलं असेल."

शेंडेफळ हसली. ते हसू मला आवडलं नाही. "मग आता माझं काय?"

"तुला जे दिसलं तेच खरं आहे. तेच लिही. सतराच्या पुढे जात नाही असं लिही. सगळं तुझ्या नावावर."

"आणि लॅब बंद झाली तर? मला गाइड कोण? चौथ्या वर्षी मला कोण घेणार आहे?"

"माहीत नाही गं," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच ऐकू आला असेल. "खरंच माहीत नाही मला. मी विचारेन सगळ्यांना. हातापाया पडेन."

शेंडेफळने पांढरा कोट काढून खुंटीला लावला, पिशवी उचलली आणि चालती झाली. दोन मिनिटांनी परत आली. आमच्याकडे न बघता टेबलावरची बशी उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवली, दार नीट लागलंय ना ते दाबून पाहिलं आणि गेली. बाहेर राहिली असती तर बीजांडं गार पडली असती.

सोमवारी सकाळी बायकोने तीन कामं केली. आधी जर्नलला पत्र पाठवलं: नंबर एकचा पेपर मागे घ्यावा, त्याच्यावर उभे असलेले दोनही मागे घ्यावेत, चूक माझी. मग फॉर्ममधली पहिली तीन नावं खोडली. बेरीज मी केली. तेराशे बाराचे पाचशे सेहेचाळीस झाले. उरलेल्यांत अठरा किंवा त्याहून जास्त असलेले पंधराच, त्यांच्या खालचे सगळे नऊच्या आत. शेवटच्या चौकटीत मी पंधरा लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

तिसरं काम मामाच्या कागदाचं. ते मी लिहू का विचारलं, तर नको म्हणाली. त्या मनगटाने तिने स्वतः लिहिलं, थांबून थांबून: "वरील अठ्ठावन्न दिवस हे रोज रात्री अकराच्या सुमारास संस्थेत येऊन तिसऱ्या खोलीतला दिवा स्वतःच्या हाताने बंद करत होते. त्यांच्या कामात एका दिवसाचाही खंड नाही." खाली सही, हुद्दा, तारीख.

"मामाला यातलं काही कळू देऊ नका," ती मला म्हणाली. "त्याने इमानाने केलंय."

फॉर्म आणि सोबत जोडलेली पत्राची प्रत पाहून संचालकांनी तिला लगेच बोलावून घेतलं. मी बाहेर बाकावर होतो, दार अर्धवट उघडं होतं. माणूस वाईट नाही. तिच्याहून दहा वर्षांनी लहान आहे, बाई बाई करतो.

"बाई, हे काय? परवापर्यंत अठरा होते!"

"आता पंधरा आहेत."

"अहो, बुधवारी समिती बसतेय. गुरुवारी पाठवायचं होतं पत्र! बावीस वर्षं थांबलं ते तीन दिवस थांबलं नसतं?"

"सकाळीच पाठवलं, सर."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही हेच सांगितलं असतंत. मग मला मोह झाला असता."

त्यांनी फॉर्म फाइलीत ठेवला. मग म्हणाले, "मुलीचं मी बघतो कुठेतरी. वचन देत नाही." ती बाहेर आली तेव्हा माझ्या खांद्याला धरूनच बाकावर बसली. "माझं आयुष्य म्हणजे हे एकतीस कागद," ती म्हणाली. "आणि त्यातला ज्याच्यावर मी उभी होते तोच खोटा. मी केलं काय इतकी वर्षं?"

बुधवारी समितीने तिचं प्रकरण चहा यायच्या आत संपवलं. महिनाअखेरीस कुलूप.

गुरुवारी ती म्हणाली, "मधलीकडे जायचंय." थोरलीला फोन करून तिने पत्ता मिळवला होता. दोन बस बदलून आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. मधली तिथल्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. मी म्हटलं, "घरी जाऊ ना तिच्या, संध्याकाळी." ती म्हणाली, "घरी गेले तर तिला मला चहा द्यावा लागेल."

रांगेत नऊ माणसं होती. बायको दहावी. मी बाजूला भिंतीशी उभा राहिलो. रांग पुढे सरकत होती तसे तिचे ओठ हलत होते. बसमध्येही ती तेच पुटपुटत होती, चार वाक्यं. जाळीच्या आड मधली दिसत होती. केस पुढे पांढरे झालेले, नाकावर चष्मा. काट्यावर पार्सल ठेवायची, आकडा वाचायची, शिक्का मारायची. एकदाही मान वर करत नव्हती.

"पुढचे."

बायको पुढे झाली. मधलीने हात पुढे केला, पार्सल घ्यायला. हात रिकामाच राहिला तेव्हा तिने वर पाहिलं.

"मॅडम? तुम्ही इकडे कशा? काय पाठवायचंय?"

"काही पाठवायचं नाहीये. सांगायचंय."

आणि बायकोने ती चार वाक्यं सांगितली. तिसऱ्यात अडखळली, पहिल्यापासून सुरू केलं. मागे एक गृहस्थ भलं मोठं खोकं दोन्ही हातांत धरून उभे होते, ते म्हणाले, "बाई, आटपा जरा." बायकोने त्यांच्याकडे बघून "हो, झालंच" म्हटलं आणि चौथं वाक्य पुरं केलं. "तुझा हात तेव्हाही चांगला होता."

मधलीने हातातला शिक्का शाईच्या गादीवर ठेवला. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तसं काही झालं नाही.

"माझ्या वहीत सतराच येत होते, मॅडम," ती म्हणाली. "तेवीस वेळा केलं मी. तेवीसही वेळा सतरा."

"वही आहे तुझ्याकडे? अजून छापता येईल ते. तुझ्या नावावर."

"रद्दीत दिली."

"सगळ्या?"

"सगळ्याच. घर बदललं तेव्हा. चुकीच्या होत्या ना."

खोकंवाले गृहस्थ आता बाकीच्यांकडे बघून मान हलवत होते. मधलीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शिक्का उचलला.

"पुढचे या," ती म्हणाली.

बायको बाजूला झाली. खोकं काट्यावर चढलं. मी तिच्या कोपराला धरून म्हटलं, "चल. सांगून झालं ना तुझं?"

"माझं झालं," ती म्हणाली. "तिचं बोलणं राहिलंय. बोलायचं असेल तर मी असायला हवी."

भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. ती त्यावर जाऊन बसली, पर्स मांडीवर घेतली, दुखरं मनगट पर्सवर ठेवलं. मी शेजारी बसलो. खिडकी पाचला बंद होणार होती. अजून तीनही वाजले नव्हते. मधली एकेक पार्सल घेत होती, तोलत होती. मधूनच एकदा तिने आमच्या दिशेने पाहिलं. मग मान खाली घालून पुढचं पार्सल घेतलं.